मामांची औटकी

माझ्या मामांइतका चांगला मास्तर आणि त्यांच्या शाळेइतकी वाईट शाळा मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. नातवंडांनो, तुमची आई फोनवर म्हणाली, की तुम्हा दोघांना यंदा शाळेतून काढून घरीच शिकवायचा तिचा विचार आहे आणि त्यावर तिला माझं मत हवं आहे. मत मी देईन. पण आधी ही हकिकत नीट वाचा, कारण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मी घरीच शिकले आणि त्यातून सावरायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. वडिलांची नोकरी हैदराबादेत आणि तीही फिरतीची, म्हणून मला मानवतला मामा-मामींकडे ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. निजामाचं राज्य होतं. गावातल्या शाळेत सुरुवातीच्या इयत्ता सोडल्या तर सगळं उर्दूत, आणि बाकांवर नुसते मुलगे. मामांचा उर्दूवर राग मुळीच नव्हता, तहसिलात ते झोकात उर्दू बोलत. पण "लेकरानं आधी आपल्या बोलीत भांडाय शिकावं, मग दुसऱ्याच्या," असं म्हणून त्यांनी मला घरीच शिकायला बसवलं. बसवलं हा शब्द चुकला. मामांच्या शाळेत कुणी बसतच नसे. ती शाळा विहिरीवर भरे, गाडीत भरे, मामी माझी वेणी घालत असताना भरे, आणि कधी चार-चार दिवस भरतच नसे. मला लहानपणापासून सगळं जागच्या जागी लागतं. नऊ वर्षांची असताना मी रेघा मारून एक वेळापत्रक केलं. मामांनी ते दोनदा वाचलं, अक्षराचं कौतुक केलं आणि त्याच कागदात तंबाखू बांधली.

भूगोल ते गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं काढत. दुधना नदीला मिळणारा एकेक ओढा त्यात होता. आशिया खंड मात्र दावणीच्या वर, जागा उरली तेवढाच. दिवाळीच्या आधी मामींनी भिंतीला चुना दिला आणि आशिया गेला. मी रडायला लागले, तर मामी म्हणाल्या, "पुन्हा काढा की! तिथंच आसंल, कुठं जायलाय?" इंग्रजीची मामांची सगळी मिळकत चार शब्दांची: टेशन, तिकीट, गार्ड आणि लेट. तेवढी त्यांनी मला मोकळ्या हातानं दिली. पण एक सांगते, त्यांच्यापुढे 'येत नाही' म्हणायची लाज कधी वाटली नाही. निम्म्या गोष्टी त्यांनाही येत नसत. मग आम्ही दोघं विचारायला निघत असू. वाफेनं चाक कसं फिरतं हे विचारायला आम्ही कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीपुढे अर्धा दिवस उकिडवे बसलो होतो, आणि घरी मामी जेवणं घेऊन ताटकळत होत्या.

मामांचा खरा जीव होता अपूर्णांकांच्या पाढ्यांवर. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, आणि सगळ्यांत लाडकी औटकी. औट म्हणजे साडेतीन. मामा कुठूनही, काहीही न सांगता "औट!" म्हणून ओरडत, आणि मी असेन तिथे हात जोडून साडेतीनचा पाढा सुरू करायचा.

"आवो, पोरीच्या तोंडात घास हाय!" मामी करवादत.

"गिळायला येळ लागतो. तवर काय रिकामंच बसायचं?"

मी बारा वर्षांची झाले आणि वडिलांचं पत्र आलं. वालूरहून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. हैदराबादेतल्या मुलींच्या इंग्रजी शाळेनं परीक्षा घेऊन मला बोर्डिंगात घेतलं तर शिकेन, नाही तर वालूरला होकार. मामींनी पत्र ऐकून विचारलं, "आता सांगा, काय काय शिकवलंव पोरीला?" मामांनी पत्राची घडी करून पागोट्यात खोचली.

मामाच मला घेऊन गेले. ते फाटकाबाहेर थांबले. आत मोठ्या बाईंनी इंग्रजीत काही विचारलं. त्यात ना टेशन होतं, ना तिकीट. उर्दूत विचारलं. मी अडखळले. शेवटी त्यांनी वही मिटली, दाराकडे हात केला आणि म्हणाल्या, "आउट."

माझ्या जिवात जीव आला. हे मला येत होतं. हात जोडले आणि सुरू केलं: "एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा..." बाई जरा मोठ्यानं म्हणाल्या, "आउट!" मला वाटलं, भरभर म्हणायला सांगतायत. मी वेग वाढवला. बाई उभ्या राहिल्या, "आउट! आउट!" म्हणाल्या, आणि मी तीस औट एकशे पाच करून पुन्हा एकापासून निघाले. कोपऱ्यात लिहीत बसलेले मराठी कारकून हसता हसता खुर्चीवरून घसरायचे राहिले. त्यांनी बाईंना काय ते समजावलं. बाईंनी त्यांच्या तोंडून मला विचारलं, साडेतीन गजांचे तेवीस तुकडे, तर कापड किती? "साडेऐंशी," मी लगेच सांगितलं. बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

मला घेतलं. गणिताला मोठ्या मुलींत आणि बाकी सगळ्याला सहा-सात वर्षांच्या चिमुरड्यांत, जिथे माझे गुडघे बाकाला लागत. रांगेत उभं कसं राहायचं, हरल्यावर रुसायचं नाही, उत्तर येत असलं तरी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे मी त्या चिमुरड्यांकडून शिकले. मामांकडे मीच एकटी, म्हणून नेहमी माझीच पाळी असे. तुमच्या आईला एवढंच सांगा: घरी शिकवशील तर शिकव, पण यांना भांडायला चार पोरं आणून दे.

परीक्षेच्या त्या दिवशी मी फाटकाकडे धावत गेले आणि ओरडले, "मामा, वालूरला नाही म्हणून कळवा!" मला वाटलं, ते हसतील. त्यांनी नुसतं पागोटं सारखं केलं आणि मागून आलेल्या कारकुनांना विचारलं, "मग सुट्टी कवा असती म्हणं?" कारकुनांनी तारीख सांगितली. मामांनी उपरण्याच्या टोकाला गाठ मारली.

सुट्टी लागायच्या तीन दिवस आधीच मामा आले. पहारेकऱ्यानं सांगितलं, सुट्टीला अजून वेळ आहे. "आसू द्या. बसतो," म्हणाले आणि तिन्ही दिवस फाटकाबाहेर बसून राहिले. वर्गाच्या खिडकीतून मला त्यांचं पागोटं दिसे. एकदा मी हात वर करून बाहेर जायची परवानगी मागितली. बाई नाही म्हणाल्या, आणि मी निमूट खाली बसले. मामांनी ते पाहिलं. शाबास म्हणावं तशी मान हलवली आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.