लेसरनंतरचं उटणं

डोळ्यांचं लेसर करून घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी मी उटण्याच्या हाताने उजवा डोळा खसाखसा चोळला.

दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडता येते म्हणून तारीख मीच निवडली होती. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं : बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलतात, खाली लेसर मारतात, पापुद्रा परत बसवतात. टाका नसतो. म्हणून आठवडाभर डोळ्यात पाणी नको, आणि चोळणं तर मुळीच नको. मी मान डोलावत होतो आणि मनात बिनचष्म्याचे दिवाळीचे फोटो काढत होतो.

पण पुण्याहून आलेल्या आईने पहाटे आमच्या सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये पाट मांडला. बायको म्हणाली, "अरे, या वर्षी राहू दे."

"सूचनांच्या कागदावर पोहणं आहे, धूळ आहे, मेकअप आहे. उटणं कुठे लिहिलंय?" मी म्हणालो.

सिंगापूरच्या क्लिनिकमध्ये ते कोण लिहिणार! तेल पापणीवर ओघळलं, डोळा झोंबला, आणि हात आपोआप वर गेला. मग सगळं धूसर.

क्लिनिकच्या तातडीच्या नंबरवरून "लगेच या" म्हणाले. टॅक्सीत मी एकेक डोळा झाकून रस्त्यावरच्या पाट्या वाचत सुटलो. डावा, स्वच्छ. उजवा, अक्षरांना शेपट्या. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. पापुद्रा सरकला असेल तर? घडी पडली असेल तर? डोळा गेलाच, तर ऑफिसात कारण काय सांगू? उटणं?

"हात खाली!" बायको ओरडली.

"नुसता झाकतोय गं."

"झाकायचाही नाही. मांडीवर ठेव. दोन्ही!"

टॅक्सीवाले अंकल आरशातून माझं तेलकट डोकं न्याहाळत होते. बहुधा सीटची काळजी.

डॉक्टरबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात मी मनातल्या मनात आंधळा होऊन, काठी घेऊन, एमआरटी मेट्रोत चढूनही आलो. शेवटी त्या खास सिंगापुरी सुरात म्हणाल्या, "फ्लॅप जागेवर आहे. यू व्हेरी लकी, लाह." मग कानामागचं उटणं दाखवून विचारलं, हे काय? मी अभ्यंगस्नानाचं महत्त्व सांगू लागलो. "नेक्स्ट इयर," त्या म्हणाल्या आणि औषधाचे थेंब हातात ठेवले.

घरी आई फराळाला हातही न लावता दाराशीच बसली होती. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, दोन्ही डोळे निरखले. मी मायेच्या शब्दाची वाट बघत उभा.

"चष्मा होता तेव्हा निदान हुशार तरी दिसायचास."