मामांनंतर आत्तींना काय सांगायचं?

मामा गेले त्याला आता दीड महिना होईल. मामा म्हणजे माझे सासरे. शाळेत तिसरा तास चालू होता आणि शेजारच्या वहिनींचा फोन आला, "ताई, मामास्नी मंडईत चक्कर आलती, दवाखान्यात नेलंय. लगेच या की." मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी त्यांना उचगावच्या घरी आणून पुढच्या सोप्यात ठेवलं, तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला धरत बाहेर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पावणं कुठलं? दमल्यात वाटतं. पाणी दिलंस का न्हाय?" भोवतीचं रडणं एकदम थांबलं...

मामा मूळचे गडमुडशिंगीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथल्या एका वर्कशॉपात लेथवर काढली. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे साधं 'चहा टाक' म्हटलं तरी गल्लीभर ऐकू जायचं. माझं बी.एड. लग्नानंतर पुरं झालं. परीक्षेच्या वेळी मुलगी पाच महिन्यांची होती. मामांनी रजा टाकली आणि रोज माझ्याबरोबर रिक्षाने येऊन कॉलेजबाहेरच्या लिंबाखाली नातीला मांडीवर घेऊन बसले. कुणीतरी हसून म्हणालं, "काय मामा, पोरं सांभाळायचं काम लागलं व्हय?" मामा तिथूनच गरजले, "माझी नात हाय की! तुमास्नी काय तरास हुतोय?" पेपर देऊन मी बाहेर आले, तर पोर गाढ झोपलेली आणि मामांना उठता येईना. ती जागी होईल म्हणून त्यांनी पाय हलवलाच नव्हता.

चार वर्षांपूर्वी आत्तींना विसर पडायला लागला. आधी मिठाचा डबा सापडेना, मग घर ओळखू येईना, शेवटी मामाच ओळखू येईनात. परका माणूस घरात बघून त्या घाबरायच्या. तेव्हा या मोठ्या आवाजाच्या माणसाने आवाज खाली आणला. जन्मभर जिला 'अगं' म्हटलं, तिच्याशी ते अदबीनं बोलू लागले, "मी शेजारचा हाय, बाई. तुमचं मालक कामावर गेल्यात, येतीलच. तवर दोन घास खाऊन घ्या." एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, तुम्हाला वाईट नाही वाटत?" "वाटतंय की," ते म्हणाले, "पर तिला भ्या वाटाय नगं." दिवसभरासाठी एखादी बाई ठेवू या, असंही मी सुचवलं होतं. "मी हाय तवर न्हाय. माझ्यामागं तुमी बगा." मी तो विषय पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता. सत्तरी ओलांडलेला माणूस दिवसभर एकटा हे सगळं करत होता आणि आम्ही दोघं नोकरीवर जात होतो... हे आता कुणाला सांगू?

आता बघायची पाळी आमची आहे, आणि आम्हाला काही जमत नाही. पहिल्या आठवड्यात आत्तींनी एकदा अचानक विचारलं, "आमचं ह्ये कुठं गेलं?" माझ्या नवऱ्यानं खरं ते सांगितलं. त्यांनी असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. अर्ध्या तासाने पुन्हा तेच विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तोच टाहो. तिसऱ्या वेळी तो उठून परसात गेला आणि तिथेच बसून राहिला. आता आम्ही म्हणतो, बिद्रीला बहिणीकडे गेलेत. हे बरोबर की चूक, आम्हाला कळत नाही. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, ती चार दिवसांत सोडून गेली. सध्या मी बिनपगारी रजेवर आहे. पुढचं काहीच सुचत नाही.

परवा मामांचे कपडे कुणाला तरी द्यावेत म्हणून कपाट उघडलं. अर्ध्या बाह्यांचे पांढरे शर्ट, प्रत्येकाच्या खिशाला पेनाचा डाग. घड्या घालता घालता मला रडू आवरेना. आत्ती खाटेवरून बघत होत्या. हळूच उठून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"कोण गेलं गं तुझं?"

"सासरे."

"चांगलं हुतं?"

"लई चांगले होते."

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रडू नगं, बाळ. तुज्या सासूकडं बग आता. तिचं कसं हुईल?"

शर्ट मी परत कपाटात ठेवले.