आंजीच्या प्रज्ञासाठी खोली

पुलगाव मागे पडलं तेव्हा उजाडलं आणि मी गाडीच्या खिडकीला नाक लावून बसले. काळी जमीन आणि तिच्यात वाळत आलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं), कापूस अजून बोंडांतून लोंबत होता. आमच्या साताऱ्यात कुठंही बघा, डोंगर आडवा येतो. इथं नजरेला टेकायला काही नाही. छान वाटायला हवं होतं, पण मला उगीच चुळबुळ सुटली. दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले.

वर्ध्याच्या स्टेशनावर सुशीलाबाई घ्यायला आल्या होत्या. या निवृत्त शिक्षिका, राहणार मोठ्या आंजीच्या. धाकटी आंजी कुठं आहे ते विचारायचं राहूनच गेलं बघा. अजिंठ्याच्या सहलीत आम्हाला एकच खोली मिळाली होती. दोघीही घोरतो, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच आला नाही. तेव्हापासून त्यांचं फोनवर चाललेलं, "येजो वो माय, येजो" (ये बरं का). आले एकदाची.

घर टुमदार, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. जेवायला पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्या घातलेला), इतका तिखट की माझं नाक वाहायला लागलं आणि सुशीलाबाई हसून हसून बेजार. त्यांची मुलगी प्रज्ञा तेवढी हसली नाही. नर्सिंग झालेली, हुशार पोरगी. तिला सेवाग्रामजवळच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. संध्याकाळची ड्युटी, आणि ती सुटायच्या आधीच आंजीची शेवटची बस निघून जाते. म्हणजे रविवारपर्यंत वर्ध्यात खोली मिळाली तर नोकरी, नाहीतर नाही. आणि त्या दिवशी शनिवार.

"खोल्या मिळत नाहीत का गं तिकडं?" मी विचारलं.

"लय मिळतात, मावशी. आडनाव सांगेपर्यंत."

सुशीलाबाई भाकरी थापत म्हणाल्या, "मी नोकरीले लागली तवा मले कोनी खोली देल्ली नोती. आता इले तेच."

मला बसवेना. "उद्या मी येते तुझ्याबरोबर," म्हटलं.

सकाळी आधी सेवाग्रामचा आश्रम पाहिला. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, मोठी झाडं. लोक डोळे मिटून शांत बसले होते. मी बसले आणि लगेच उठले. प्रज्ञा फाटकाशी उभी राहून सारखं घड्याळ बघत होती, तिथं शांतता कुठून येणार? बाहेर टपरीवर तर्रीपोहे खाल्ले (पोह्यांवर लाल रस्सा ओततात हो हे लोक!) आणि वर्ध्यात खोल्या बघायला निघालो.

पहिल्या घरी बाई मोठ्या गोड. चहा आला, गोरसपाक (तुपातली खमंग बिस्किटं) आला. गाव कोणतं, माहेर कुठलं, आडनाव काय. मी सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं की पुढं जात विचारावी लागत नाही. बाई पदर सावरून जवळ सरकल्या. प्रज्ञा त्यांना माझी भाची वाटली, आणि मी काही दुरुस्त करायला गेले नाही. काम होतंय, होऊ दे, म्हटलं.

"तुमच्यासारख्या घरची मुलगी, मग काय बघायचंय! आजच सामान आणा," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन वाजला, परगावी नोकरीला असलेल्या तिच्या वडिलांचा. तिनं घेतला आणि रोज म्हणते तेच म्हणाली, "जय भीम, बाबा. हो, मिळून राह्यली खोली."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "अगंबाई, मी तर विसरूनच गेली! दिराचा मुलगा येनार आहे ना अभ्यासाले. कसं करावं आता?"

दिराचा मुलगा! चहा पिऊन होईपर्यंत नव्हता हो तो.

रस्त्यावर आल्यावर माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, "पुढची खोली माझ्या नावावर घेऊ. तू राहा. कोण विचारतंय?"

"आन् फोन आला का रस्त्यावर येऊन बोलू?" ती म्हणाली. मग जरा नरमली. "मावशी, आता मी बोलतो. तुम्ही फक्त सोबत उभ्या राहा. बोलायचं नाई, बरं!"

मला, आणि बोलायचं नाही!

पुढच्या घरी एक गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते. प्रज्ञानं फाटकातूनच पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. "नर्स आहो. आम्ही बौद्ध आहो. चालत असन तं खोली दाखवा, नाईतं पुढं जातो."

पाण्याची धार एकाच कुंडीत पडत राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण?"

"हिच्यासोबत," मी म्हटलं.

"आडनाव?"

सांगून बसले. जीभ थांबते का! ते विचारात पडले, नळ बंद केला, मग म्हणाले, "तुमच्यासारख्यांची ओळख आहे म्हटल्यावर हरकत नाही." वरची खोली दाखवली. ओटा, मोरी, पूर्वेची खिडकी, सगळं ठाकठीक. फोन नंबर घेतला तो माझा. आणि किल्ली ठेवली माझ्या हातात. प्रज्ञा शेजारी हात पुढे करून उभी होती. मी घाईनं ती तिच्या तळव्यात ठेवली.

आंजीच्या बसमध्ये मी खुशीत. "मिळाली की नाही?"

"तुमाले मिळाली, मावशी. मी राहीन त्यात."

घरी सुशीलाबाईंनी ऐकून घेतलं आणि लेकीला म्हणाल्या, "घे तं घे. आधी नोकरीवर जाय. मंग भांडजो त्याच्याशी, कोनं अडवलं?" रात्री दोघी भांडी बांधत बसल्या, मी उगीच मधेमधे करत राहिले.

सोमवारी प्रज्ञा कामावर हजर झाली आणि मी परतीची गाडी धरली. साताऱ्यात पोहोचून पिशवीसुद्धा रिकामी केली नव्हती, तोच सकाळी फोन आला. वर्ध्याचे घरमालक.

"ताई, तुमच्या त्या मुलीला सांगता का? टाकी भरून वाहून राहिली. मोटरचं बटण वर तिच्याकडे आहे."

"ती घरी नाही का?"

"आहे ना. वरच आहे."

माझ्या आडनावानं तिला दार उघडून दिलं, हे खरंच. पण आता तेच आडनाव त्या जिन्यात ठाण मांडून बसलं होतं, आणि ते तिथून उठवणं काही प्रज्ञाच्या हातात नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "मी साताऱ्यात आहे. ती तुमच्या डोक्यावर आहे. जिना चढा, दार वाजवा आणि तिला नावानं हाक मारून सांगा. यापुढं मला फोन करायचा नाही."

पलीकडे नुसता टाकीच्या पाण्याचा आवाज. ते फोन बंद करायला विसरले असावेत. चपला वाजल्या, पायऱ्या, मग टकटक.

"प्रज्ञा..." ते म्हणाले, आणि अडखळत, "...ताई."

"काय हो काका?"

पुढचं ऐकायची मला फार इच्छा होती, खोटं कशाला बोलू. पण ते त्या दोघांचं बोलणं होतं. मी फोन ठेवला.