उलटे नाना

चार वर्षं मी हे लिहायचं टाळलं. कुणी त्या चौकाचा विषय काढला की मी तब्येतीचं काहीतरी सांगून बाजूला व्हायचो. आता वय बहात्तर, हृदयात दोन स्टेंट, आणि टाळायला फारसे दिवस उरलेले नाहीत. गोडदेवच्या नानांबद्दल मी एक वाक्य लिहून दिलं होतं. ते खोटं होतं.

नाना रस्ता उलटे ओलांडायचे. भाईंदर पूर्वेला, गोडदेव गावाच्या चौकात ते ट्रॅफिक वॉर्डन होते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पलीकडे न्यायचं असलं की ते त्याच्याकडे तोंड करून उभे राहत आणि मागे मागे चालू लागत. एक तळहात पाठीमागे, गाड्यांना दाखवलेला. "गाडीकडं नको बगू, माज्याकडं बग," एवढंच म्हणत. माणूस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत पलीकडे पोचायचा. तरुणपणी मिठागरात लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत दिवसभर मागे मागे चालायची सवय, तीच इथे आली होती. रिक्षावाले चिडवायचे, "नाना, पीछे आँख है क्या?" नाना म्हणायचे, "हाय ना. तुला पुढं दिल्यात, तू वापरत न्हायस."

निवृत्तीनंतर मी एका खाजगी कंपनीत सल्लागार होतो. आमच्या कंपनीने त्या चौकात खांबांवर सेन्सर बसवले. झेब्रावर माणूस असेपर्यंत सिग्नल गाड्यांना सोडणार नाही, आणि आम्ही ज्या टँकरना आणि शाळेच्या व्हॅनना यंत्र लावलं होतं त्यांच्या केबिनमध्ये टुंटुं वाजत राहील, अशी ती रचना. नाना सेन्सरला डबा म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. खांबापाशी नारळ त्यांनीच फोडला. "बरा हाय. मला दोन डोळे, याला चार. वर ऊन लागत न्हाय."

पण त्या चौकात झेब्रावर केळ्यांची हातगाडी टेकते, कुत्री झोपतात. डबा त्यांनाही माणूस समजायचा आणि सिग्नल लालच राहायचा. हॉर्न, शिव्या, तक्रारी. शेवटी मी सेटिंग बदललं. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ एका जागी थांबलेलं काहीही डब्याने हिशोबात धरायचं नाही. कोंडी सुटली. मला शाबासकी मिळाली.

नानांनी दोन दिवसांत खोट पकडली.

"साहेब, तुजा डबा चालत्याला बगतो. थांबल्याला न्हाय बगत."

"रस्त्याच्या मधोमध थांबतं कोण, नाना?"

"म्हातारी थांबते. दम लागतो, चप्पल निघते. तू पन थांबशील."

मी हसलो. पुढच्या आठवड्यात पालिकेची मोठी माणसं पाहणीला येणार होती, त्यानंतर बघू म्हणालो. पाहणीत सगळं छान दिसलं. मग मीच शिफारस केली, की या चौकात आता वॉर्डनची गरज नाही. नानांची नेमणूक गेली. तरी ते रोज घरच्या सदऱ्यात येऊन फुटपाथवर उभे राहायचे.

एका सकाळी एक बाई झेब्राच्या मध्यावर थांबल्या. पिशवीचा बंद तुटून बटाटे घरंगळले होते, त्या वाकून गोळा करत होत्या. पाच सेकंद झाले. सिग्नल हिरवा झाला. समोरच्या टँकरमधला टुंटुं थांबला. वाकलेली बाई चालकाला उंचावरून दिसत नव्हती. त्याने टँकर सोडला. नाना धावत गेले, बाईंना ढकललं. बाई वाचल्या. नानांच्या पायावरून चाक गेलं. चालक रस्त्यातच बसून रडत होता, "मशीन चुप हो गया था साब, मैं समझा रास्ता खाली है."

त्या दुपारी मी सेटिंग गुपचूप पूर्ववत केलं. अहवालात लिहिलं, "यंत्रणा निर्दोष. नेमणूक नसलेला इसम अचानक रस्त्यात शिरल्याने वाहनचालक गोंधळला."

ते वाक्य गोडदेवभर फिरलं. ज्या माणसाला गावच्या लग्नात पुढची खुर्ची मिळायची, त्याला पानाच्या टपरीवर "काय, कुठं हिरोगिरी?" असं लोक विचारू लागले. कुबडी घेऊन नाना माझ्या मीरा रोडच्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"साहेब, पायाचं जाऊ दे. पन लिहून दे, मी मधी नाचत नव्हतो म्हणून. नातवंडं शालेत ऐकतात."

"बघतो, नाना," मी म्हणालो.

ते पुन्हा एकदा आले. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी त्यांचा फोन आला. "जेवलास का?" एवढंच विचारलं. हो म्हणून मी फोन ठेवला.

कागद लिहायला मला आठ महिने लागले. तो खिशात घालून मी गोडदेवला गेलो, तेव्हा दारातल्या नानांच्या फोटोवरचा हार ताजा होता. सुनेने मला बसायला दिलं. म्हणाली, "नाना तुमचं नाव घ्यायचे. साहेब कामात हाय, देईल म्हणायचे. काय द्यायचं होतं ओ?"

"काही नाही," मी म्हणालो. चहा प्यायलो आणि निघालो.

कागदावर एवढंच होतं: नाना, ती बाई डब्याला दिसली नाही, कारण थांबलेला माणूस त्याला दिसू नये असं मीच करून ठेवलं होतं. तुम्ही मला आधी सांगितलं होतं. तुमचा काही दोष नव्हता. मला माफ करा.