खारं बोअर आणि पोडाची विहीर

बोअरच्या पाण्यात खारेपणाचा मीटर धरला, तेव्हा नामदेव पार माझ्या खांद्यावर वाकला होता. नामदेव माझ्या बायकोचा, शांतेचा, धाकटा भाऊ. मारेगावकडं त्याचं वावर. कापसानं त्या वर्षांत साऱ्यांनाच रडवलं होतं. त्यात याच्या बोअरचं पाणी खारं, कापसाची पऱ्हाटी करपायची. म्हणून त्यानं झिंग्याचं तळं मनावर घेतलं. समुद्रातला झिंगा, त्याला खारंच पाणी लागते.

"नाई जमलं तर वावर इकतो अन् पुण्याले जातो," असं बहिणीला सांगून बसला होता. आईबाप गेलेले. हा गेला की शांतेचं माहेर संपलं.

मी मच्छी केंद्रात पाण्याचे नमुने घ्यायचो. तिथल्या साहेबांनी टाकीत बोअरचं पाणी भरून झिंग्याचं बी सोडलं. बी म्हणजे बारीक पिल्लं. आधी बरी पोहली. झिंगा वाढताना जुनं कवच टाकते, मग नवं कडक होते. इथं ते कडकच होईना. मऊच राहिली अन् मेली.

साहेब म्हणाले, "मीठ आहे, पोटॅशियम कमी आहे. ते वरून टाकता येईल."

"म्हंजे पास!" नामदेव उडालाच. "भाऊजी, पयला झिंगा ताईले!"

"माळकरीण हाय ते. झाडूनं हाणेल तुले."

साहेबही हसले. मग म्हणाले, "तळ्यातलं वापरलेलं पाणी कुठे सोडणार?"

"नाल्यात."

"नाल्याकाठी काय आहे?"

नामदेवनं माझ्याकडं पाहून बारीक मान हलवली. नको म्हणून.

मी सांगितलं, "पोडाची विहीर हाय, साहेब." पोड म्हणजे कोलामांची वस्ती.

"पिण्याची?"

"पिण्याचीच."

"मग नाही. ती विहीर खारी होईल."

घरी शांता म्हणाली, "तुमाले चूप नाई राहता आलं?"

"पोडातल्या लेकराईनं काय पेलं असतं?"

"समजते मले," म्हणाली. "तरी."

नामदेवनं वावर विकलं अन् पुण्याला गेला. शांता पुन्हा कधी दिवाळीला माहेरी गेली नाही. मला टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

औंदा ती गेली. बाईला शेवटी माहेरची साडी नेसवतात. नामदेव पुण्याहून निघाला होता, पण पोचला नाही. शेजारणीनं आपली कोरी साडी काढून दिली.

पाणी तपासताना ते कसं आहे, हे सगळेच पाहतात. ते जाणार कुठं, हे आधी विचारावं. बी मग आणावं.