माझा भाऊ तोट्यात नव्हता

माझा धाकटा भाऊ मिलिंद गेल्याचा निरोप कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने आणला, तेव्हा मी पायरीवरच बसून रडले. पण नगरला त्याची शोकसभा झाली, तिथे माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. एकेक वक्ता उठत होता आणि सांगत होता, ‘मिलिंदरावांनी आयुष्यभर तोटा सोसून गोरगरिबांना चष्मे दिले.’ साफ खोटं! केडगावचा त्याचा चष्म्यांचा कारखाना चांगल्या नफ्यात चालत होता, आणि तो नफा त्या गोरगरीब गिऱ्हाइकांनीच मिळवून दिला होता. त्याला देवमाणूस ठरवलं की बाकीचे हात झटकायला मोकळे. सोय मोठी छान आहे...

ब्याण्णवच्या सुमाराला त्याने टेम्पो घेतला आणि चष्मे घेऊन आठवडी बाजार गाठायला सुरुवात केली. शहरातले दुकानदार हसले. पहिल्या फेरीत तो आपटलाच. अक्षरं न येणाऱ्यांसाठी त्याने चित्रांचा तक्ता नेला खरा, पण तोही पुस्तक धरतात तेवढ्या अंतरावर धरून डोळे तपासले. पुढच्याच बाजाराला मिरजगावात एका बाईने चष्मा त्याच्यापुढे आदळला.

“आमी काय पुस्तकं वाचतो व्हय? मांडीवरच्या सुपातले खडे दिसंनात मला. घे तुजा चष्मा!”

मी टेम्पोत बसले होते. मला तिचा भयंकर राग आला. मिलिंदने मात्र शेजारच्या दुकानातून सूप आणि ज्वारी आणली, तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “बसा मावशी. निवडून दाखवा.” तिचे खडे नीट निवडून होईपर्यंत तो भिंगं बदलत राहिला. तेव्हापासून त्याच्या टेम्पोत सूप आलं, सुई-दोरा आला. जो जे काम करतो, तेच करायला लावून त्याचा नंबर काढायचा. लोक श्रीरामपूरकडूनही त्याचा टेम्पो शोधत यायला लागले आणि हसणारे दुकानदार त्याच्याकडेच माल मागायला लागले.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, आता बरं चाललंय, तर गरिबांना फुकट दे ना. असा भडकला!

“ताई, फुकट घेणाऱ्याला भांडता येतं का? त्या मावशीनं इकत घेतला हुता म्हणून आदळला. फुकटचा असता तर गुमान पेटीत ठेवला असता, आन् मी जन्मभर चुकीचेच चष्मे वाटत फिरलो असतो. मी धंदा करतो. मला भांडनारं गिऱ्हाईक पायजे.”

आणि शोकसभेच्या शेवटी त्याचा भागीदार उठला. म्हणाला, बाजारचा टेम्पो आता बंद, कारखाना शहरातल्या दुकानांचाच माल करील. मिलिंदच्या स्मरणार्थ मात्र दरवर्षी एक मोफत शिबिर. यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठून म्हणाले, “वर्षातून एकदा येणाऱ्याशी भांडायला बायांनी जायचं कुठं?” कुणीतरी मला हलकेच खाली बसवलं. ताई भावनेच्या भरात आहेत, म्हणे. भावना कसली? संताप होता तो, आणि अजून आहे. जी गोष्ट माझ्या भावाने धंदा करून सिद्ध केली, ती या लोकांनी हार घालून पुसून टाकली.

परवा मी मुद्दाम मिरजगावच्या बाजाराला गेले. पाय ठेवायला जागा नव्हती, पण लिंबाखाली टेम्पो लागायचा तेवढा तुकडा मोकळा होता. “चष्मेवाल्याची जागा हाय, तितं कोन बसंल?” भाजीवाला म्हणाला. कडेला एक म्हातारी दोऱ्याने बांधलेला चष्मा घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं, चष्मेवाला माझा भाऊ, तो गेला. तिने माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही...

“लई वाईट झालं गं बाई,” ती म्हणाली. “पन मानूस गेला, मंग गाडी कुनी न्हेली?”

ती मोकळ्या जागेकडे तोंड करून तशीच बसून राहिली.