विहिरीसाठी कॅमेरा

माझी आई एकसष्टाव्या वर्षी पोहायला शिकली आणि ही गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीला काही केल्या पटेना. तेवढ्यासाठी आम्हाला कॅमेरा घ्यावा लागला. लोक असले पाण्यात चालणारे कॅमेरे डोंगरदऱ्यांत भटकायला नाहीतर समुद्रात बुड्या मारायला घेतात. आम्ही मावशीचं तोंड बंद करायला घेतला.

आईचं माहेर जत तालुक्यातलं. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि घोटाभर पाण्यात उभं राहायला मिळालं तरी चैन वाटायची. लग्न होऊन ती कृष्णाकाठच्या आमच्या गावी आली, तेव्हा मळ्यातल्या विहिरीपासून चार पावलं लांबच उभी राहायची, असं अण्णा सांगतात. अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि दर उन्हाळ्यात गावातल्या पोरांच्या पाठीला डबा बांधून त्यांना विहिरीत ढकलू लागले. निम्मं गाव त्यांनी पोहायला शिकवलं. घरातल्या दोन बायका तेवढ्या राहिल्या. मला दहाव्या वर्षी ढकललं होतं, पण मी अशी काही किंचाळले की पुन्हा त्या विषयाचं नाव काढायची त्यांची हिंमत झाली नाही. आईला तर कुणी विचारलंच नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "आवं, मलाबी शिकवा की." अण्णांनी म्हणे हातातली कपबशी खाली ठेवली आणि माळ्यावरचा डबा काढला. महिनाभरात तिनं डबा सोडला. मी कराडच्या एका कॉलेजात शिकवते. शनिवारी घरी येऊन बघते तर ही बाई विहिरीच्या मधोमध, माझाच जुना पंजाबी ड्रेस घालून, वर बघून हसतेय. मला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि लगेच रागही आला, कारण महिनाभर फोनवर मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मावशीला मात्र तिनं त्याच दिवशी सांगितलं. मावशी फोनवर हसली. "तू? बादलीत पाय घालायला भ्यायचीस. थापा नगं मारूस."

आईला ते लागलं. एरवी चेष्टा ती सहज झटकते, पण हे काही झटकता येईना. लहानपणी आक्कानं तिला भित्री ठरवलं आणि साठ वर्षं ती भित्रीच राहिली होती. "मला एक फोटू काढून दे," ती मला म्हणाली. "आक्काला दावायचाय."

मी फोन घेऊन पायरीवर बसले. आईनं जोरात हात मारला, पाणी माझ्या तोंडावर उडालं, मी दचकले आणि फोन गेला. अण्णांनी बुडी मारून काढला खरा, पण दुरुस्तीवाल्यानं तो कानाशी हलवला आणि आतलं पाणी मलाच ऐकवलं. तिथंच मी ठरवलं, की आता फोन नाही, पाण्यात चालेल असा कॅमेराच घ्यायचा.

मी महिनाभर व्हिडिओ बघत बसले. शेकडो माणसं शेकडो कॅमेरे पाण्यात बुडवत होती आणि प्रत्येकाचं मत निराळं होतं. माझं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा अण्णा म्हणाले, "वस्तू हातात घेतल्याबिगर कळत न्हाई. सांगलीला जाऊ." त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे दुकानात शिरलो तेव्हा कुणी मोठा साहेब आल्यासारखा दुकानदार उठूनच उभा राहिला.

त्यानं तीन कॅमेरे काउंटरवर मांडले. पहिला काड्यापेटीएवढा, हेल्मेटवर बसवायचा. "डोक्याला बांधून हिचं तोंड कसं यायचं?" अण्णांनी तो बाजूला सारला. दुसरा देखणा, सगळं काचेवर बोट फिरवून चालणारं. ओल्या बोटांनी काच नीट ऐकत नाही, असं दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा तोही गेला. तिसरा बुटका, जाडजूड, भुईमुगाच्या दाण्याएवढी बटणं असलेला. तो दोन मीटरवरून पडला तरी फुटत नाही, पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो.

"पंधरा मीटर म्हंजे किती परस?" अण्णांनी विचारलं.

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. विहिरीची खोली आमच्याकडे परसात मोजतात, एक परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची. "आठ तरी भरतील," मी म्हणाले.

"आपली हीर सात परस. बसतंय."

मग त्यांनी बॅटरीचं झाकण उघडून आतलं रबर बोटानं चाचपलं. आमची पाण्यातली मोटार दोनदा जळली आहे, दोन्ही वेळा सीलमध्ये कचरा अडकून. "ह्यात केस जरी बसला तरी पाणी आत," ते म्हणाले, आणि दुकानदार खूश झाला. हीच गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो म्हणे आणि कुणी ऐकत नाही. त्याची खुशी फार टिकली नाही. "दोन मीटर म्हणला न्हवं?" असं म्हणून अण्णांनी हात वर केला आणि कॅमेरा सोडून दिला. फरशीवर तो खाड्‌कन आपटला, दोन कोलांट्या खाऊन थांबला. दुकानदारानं डोळे मिटले होते. मी शरमेनं अर्धी झाले. कॅमेरा चालू होता.

"बांधा," अण्णा म्हणाले.

रंगावरून आमचं थोडं वाजलं. मला काळा शोभिवंत वाटत होता. "काळी वस्तू हिरीत पडली की गेली," म्हणून अण्णांनी भगव्या काठाचा उचलला. मनगटाला अडकवायचा तरंगता पट्टा दुकानदारानं स्वतःहून वर घातला, बहुतेक आम्ही लवकर जावं म्हणून.

घरी आल्यावर पूजा झाली. आमच्याकडे ट्रॅक्टर असो, मोटार असो की शिलाई मशीन, नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय वापरात येत नाही. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर अण्णांनी नारळ फोडला, आईनं कुंकू लावलं. कॉलेजात शिकवणारी मी, पण बाहेर आल्यावर कॅमेऱ्याकडे नीट बघायचं मला सुचलं नाही.

लगेच विहिरीवर गेलो. एप्रिलचं ऊन, कॅनॉल सुटल्यामुळे विहीर चांगली भरलेली. ऊन इतकं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसेना. आईनं उलट्या पालट्या, आडव्या तिडव्या चकरा मारल्या, मी पायरीवरून पन्नास फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर पन्नासही फोटोंच्या मधोमध एक लाल ढग, त्याच्या एका कडेला आईचा कान.

"कुंकू कुठं लावलंस?"

"कपाळ कुठलं ते कळंना, म्हणून त्या गोल काचंवर लावलं."

"मग ते पाण्यानं धुऊन कसं नाही गेलं?"

"तेलात कालवलं हुतं," आई म्हणाली. "म्हणलं पाण्यात जाणारी वस्तू, कुंकू ऱ्हायला पायजे."

अण्णा हसून हसून खोकायला लागले. आईनं त्यांना डोळे सांभाळा म्हणून दटावलं आणि मग तिलाही हसू आवरेना. शेवटी मी कॅमेरा मोरीवर नेला आणि नळाखाली साबण लावून भांड्यासारखा घासला. आयुष्यात कधी कॅमेरा घासेन असं वाटलं नव्हतं. पैसे तिथंच वसूल झाले असं अण्णांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशीचे फोटो झकास आले. आईचं तोंड, हात, ओले केस, सगळं. मावशीच्या सुनेच्या फोनवर पाठवले. दहा मिनिटांत मावशीचा फोन आला. "कंबरभर पाण्यात हुबी ऱ्हाऊन हात हलवतीयास. पाय कुठं हायत?"

आईनं फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसली. त्यात खडा नव्हता, तरी ती निवडत राहिली. मला मावशीचा असा संताप आला की पुढचं तोंडातून निघून गेलं. "उद्या पाण्याखालून काढू. पायच दाखवू तिला."

काढणार कोण, हा प्रश्न मला अंथरुणावर पडल्यावर सुचला. अण्णांच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब जायला डॉक्टरांची मनाई होती. आई स्वतःच्या पायांचा फोटो काढणार कशी? सकाळी मी शेवटच्या पायरीवर बसून हात पाण्यात बुडवून पाहिला. फोटोत निम्मी पायरीच आली. हे बघून मावशी काय म्हणेल ते मला पाठ होतं. आईच्या जवळ, विहिरीच्या मध्ये जायला हवं होतं.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. पाठीला डबा बांधून, कमरेला दोर लावून पायरीवर उभी राहिले तेव्हा दोराची गाठ मी तीनदा तपासली, हे मी इथं कबूल करते. दोराचं दुसरं टोक वर अण्णांच्या हातात होतं. "मागं बघायचं न्हाई!" त्यांनी फौजी आवाजात हुकूम सोडला. मी मागंच बघत होते. तेवढ्यात पाण्यातून आईनं दोन्ही हात पुढं केले.

"ये. मी हाय."

मी गेले. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि मी तिच्या खांद्याला असं घट्ट धरलं की ती म्हणाली, "अगं, बुडवशील मला!" तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, तळहात माझ्या पोटाखाली धरला आणि मला मधोमध नेलं. ज्या बाईला काठाशी यायची भीती वाटायची, ती मला तोलून धरत होती. भीती पार गेली असं नाही, पण मला हसू फुटलं, आणि हसताना थोडी विहीर पोटात गेली. मग ती दोन हात लांब सरकली. मी डोळे मिटून कॅमेरा पाण्याखाली धरला आणि बटण दाबत सुटले.

चाळीसातला एक फोटो लागला. हिरवं पाणी, त्यात तिरपं ऊन, आईचे दोन पाय, अंगठे फाकलेले, एका पायात जोडवं चमकतंय. पायांखाली हिरवं होत होत काळं झालेलं पाणी, आणि दुसरं काहीच नाही.

संध्याकाळी मावशीनं व्हिडिओ कॉल लावला. चष्मा लावून ती तो फोटो सुनेच्या हातातल्या दुसऱ्या फोनवर बघत होती. चेष्टा सुरू होईल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. मावशीनं सुनेचा हात धरून फोन आणखी जवळ ओढला.

"तुझ्या पायाखाली कायबी न्हाई गं," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"न्हाई आक्का."

"भ्या वाटलं न्हाई?"

"वाटलं की. पयले आठ दिस लय वाटलं."

मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला. ती सत्तरीला आली आहे. सुनेकडे एकदा बघून तिनं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं, इतकं की आम्हाला नुसतं तिचं नाक दिसू लागलं, आणि हळूच विचारलं, "मला येईल का गं?"

आई क्षणभरही थांबली नाही. "आईतवारी ये," ती म्हणाली.